खेळातील पैसे, गणिताध्यापनातील

चलनातील नाणी व नोटा यांच्या कागदी, पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या प्रतिकृती हाताळावयास देऊन मुलांना मोजणी, संख्यालेखन, स्थानिक किंमत आणि गणितातील चार मूलभूत क्रिया शिकविण्याची एक अध्यापनपद्धती. भातुकलीतील दुकानापासून ‘नवा व्यापार’सारख्या पटावरील खेळापर्यंत मुलांच्या खेळात पैशांच्या नकला सर्वत्र आढळतात. शालेय अध्यापनात त्यांचा उपयोग मुख्यतः दोन हेतूंनी केला जातो : एक, प्रत्यक्ष चलनाची ओळख व देवघेवीचा सराव, दुसरा, दशमान संख्यापद्धतीचे आकलन. हे दोन्ही हेतू एकाच साधनाने साधता येत असले, तरी त्यांच्या गरजा भिन्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यास दोन्हींची हानी होते. दुसऱ्या हेतूच्या दृष्टीने या साधनाचे खरे मर्म मोजण्यात नसून मोड करण्यात, म्हणजे एका नोटेच्या बदल्यात दहा लहान घटक घेण्यात किंवा देण्यात आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आधुनिक बालशिक्षणात या साधनाचा पुरस्कार करणाऱ्यांत इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मोजणी शिकविण्याच्या प्रारंभिक साधनांत नाण्यांचा समावेश केला आहे. लंडनमधील मंदबुद्धी मुलांच्या एका शाळेत पुठ्ठ्याची नाणी वापरात असल्याचे त्यांनी पाहिले होते. पैशांची मोड करणे हा मुलांचे लक्ष खिळवून ठेवणारा मोजणीचा प्रकार आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. तथापि त्यांच्या पद्धतीत स्थानिक किंमत शिकविण्याचे प्रमुख साधन म्हणून पुढे मण्यांचा वापर रूढ झाला. त्यात एकक म्हणजे एक मणी, दशक म्हणजे दहा मण्यांची कांडी, शतक म्हणजे शंभर मण्यांचा चौरस व सहस्र म्हणजे हजार मण्यांचा घन अशी रचना असते. या बदलामागील कारण पुढे येणाऱ्या विवेचनावरून स्पष्ट होईल.

भारतात या साधनाची उपयुक्तता चलनपद्धतीतील एका बदलाशी निगडित आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे व पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै होत असत. चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे अर्धा व बारा आणे म्हणजे पाऊण रुपया असल्यामुळे हे चलन अपूर्णांकांच्या तोंडी हिशेबास अतिशय सोयीचे होते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांतून घोकून घेतले जात, त्याचे एक कारण असा व्यवहार हे होय. मात्र संख्यालेखन दशमान आणि नाणी चार-सोळांच्या पटीतील असल्याने नाण्यांवरून स्थानिक किंमत समजावून देणे शक्य नव्हते. दशमान नाणेपद्धतीत रुपयाचे १०० नवे पैसे झाले (‘नवे’ हे विशेषण १ जून १९६४ पासून गळले) आणि चलनाची रचना व संख्यालेखनाची रचना प्रथमच जुळली.

साधनाचे स्वरूप : स्थानिक किंमत शिकविण्याची साधने दोन वर्गांत विभागता येतात. पहिल्या वर्गात दहा काड्यांची जुडी, माँटेसरींचे मणी, झोल्टान डीनेश (१९१६–२०१४) यांचे ठोकळे इ. साधने येतात. यांत दशक हा एककाच्या दहापट मोठा दिसतो आणि जुडी सोडून दहा काड्या मोजता येतात. दुसऱ्या वर्गात पैसे व मणिचौकट यांचा समावेश होतो. दहा रुपयांच्या नोटेत दहा रुपये कोठेही दिसत नाहीत. ती फाडून ते मिळत नाहीत. तिची किंमत केवळ संकेताने ठरलेली असते. लहान मूल पाच रुपयांच्या एका नाण्यापेक्षा एकेक रुपयाची तीन नाणी अधिक समजते, याचे कारण हेच होय. ते किमतीऐवजी वस्तूंची संख्या मोजत असते.

ही उणीव आणि हे सामर्थ्य एकच आहे. लेखी संख्येतील अंकाचेही तसेच असते. ६३ मधील ६ हा अंक साठ वस्तू दाखवीत नाही. त्याच्या जागेवरून साठ हा अर्थ संकेताने घ्यावयाचा असतो. अमेरिकेत कॉन्स्टन्स कामी यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासांत प्राथमिक शाळेतील अनेक मुलांनी १६ मधील १ या अंकाने दर्शविलेला भाग दाखविताना दहाऐवजी एकच वस्तू पुढे केली. नोट ही काड्यांची जुडी व लेखी अंक यांमधील पायरी आहे. म्हणून जुडीची ओळख झाल्यानंतर व स्तंभांतील लेखी क्रिया सुरू होण्यापूर्वी खेळातील पैसे आणणे उचित ठरते. जुडीच्या अनुभवाविना नोट दिल्यास मुलाच्या दृष्टीने तो केवळ रंगीत कागद राहतो.

या संदर्भात मराठीतील एक शब्द लक्षणीय आहे. प्राथमिक गणितात दशकात न बांधलेल्या एककांना ‘सुटे’ म्हणतात आणि वजाबाकीत ‘दशक सुटा करून’ एकक मिळवितात. बाजारातही मोडीला ‘सुटे’ असेच म्हणतात. दोन्ही ठिकाणचा अर्थ एकच असल्याचे मुलाच्या ध्यानात आणून देणे, हे खेळातील पैशांच्या पाठाचे पहिले काम होय.

अध्यापनाचा क्रम : प्रारंभी फक्त एक रुपयाची नाणी आणि दहा व शंभर रुपयांच्या नोटा वापरतात. २, ५, २०, ५०, २०० व ५०० रुपयांची चलने या टप्प्यावर बाजूस ठेवली जातात. कारण संख्यालेखनात त्यांना स्वतंत्र स्थान नाही आणि त्यांच्यामुळे ‘दहाचा एक’ हा एकमेव नियम झाकला जातो. मुलांपुढील कागदावर उजवीकडून डावीकडे एकक, दशक व शतक असे तीन रकाने आखतात. एका मुलाकडे पेढी किंवा गल्ला सोपवितात. एका रकान्यात नऊहून अधिक घटक राहता कामा नयेत. दहा झाले की ते गल्ल्यात देऊन डावीकडील रकान्यासाठी एक घटक घ्यावयाचा, असा खेळाचा नियम असतो. फाशावर पडेल तितके रुपये घेत प्रथम शंभरची नोट मिळविण्याचा खेळ या नियमाच्या सरावास पुरेसा होतो.

संख्यालेखनात शून्याचे कार्य या रकान्यांवरून स्पष्ट होते. ‘तीनशे पाच’ हे ऐकून अनेक मुले ३००५ असे लिहितात. कारण ती ऐकलेले शब्द एकापुढे एक लिहीत असतात. शंभरच्या तीन नोटा व एक रुपयाची पाच नाणी मांडली, की मधला रकाना रिकामा दिसतो व त्या रिकाम्या जागेची खूण म्हणून शून्य लिहावे लागते. मराठी संख्यानामांमुळे उद्‌भवणारी अडचणही अशीच दूर करता येते. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी व साठ नंतर उच्चारले जातात, तर लेखनात ६ आधी येतो. परिणामी ६३ ऐवजी ३६ लिहिले जाते. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची दुसरी रीत दिली गेली, तेव्हा तिच्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. नावे कोणतीही वापरली, तरी दहाच्या सहा नोटा व तीन सुटी नाणी यांची मांडणी बदलत नाही. ‘एकोणसाठ’ या नावाचा अर्थही सहा नोटांतून एक रुपया कमी, असा हाताने दाखविता येतो.

मूलभूत क्रिया : २७ व ३८ यांच्या बेरजेत सुटी नाणी १५ होतात, त्यांतील दहांच्या बदल्यात एक नोट येते व ती अगोदरच्या पाच नोटांत मिळून सहा नोटा व पाच नाणी, म्हणजे ६५ होतात. लेखी उदाहरणात डोक्यावर लिहिलेला ‘हातचा १’ म्हणजे हीच बदलून आलेली नोट होय. ५२ मधून २७ वजा करताना दोन नाण्यांतून सात देता येत नाहीत. म्हणून पाच नोटांपैकी एक मोडून चार नोटा व १२ नाणी करतात आणि २५ उरतात. शंभरातून ६३ वजा करणे मुलांना विशेष अवघड वाटते, कारण उजवीकडील दोन्ही स्थानी शून्य असते. येथे शंभरची नोट प्रथम दहाच्या दहा नोटांत आणि मग त्यांतील एक नोट दहा नाण्यांत मोडावी लागते. नऊ नोटा व दहा नाण्यांतून ६३ दिल्यावर ३७ उरतात. शून्यांच्या जागी ९ व १० कोठून आले, हे मुलाने स्वतः पाहिलेले असते.

भागाकार डावीकडून का सुरू करावा, याचे उत्तरही येथे मिळते. ७२ रुपये तिघांना वाटताना प्रत्येकास आधी दोन-दोन नोटा दिल्या जातात. उरलेली एक नोट मोडून १२ नाणी होतात व प्रत्येकास चार मिळतात. सुटी नाणी आधी वाटल्यास नोट मोडल्यानंतर ती पुन्हा वाटावी लागतात, असा अनुभव एकदा घेतलेल्या मुलास नियम पाठ करावा लागत नाही.

दुकानदार मात्र वेगळ्या रीतीने वजाबाकी करतो. ६३ रुपयांच्या मालासाठी शंभरची नोट मिळाल्यास तो दोन रुपये देऊन ६५, पाच देऊन ७० आणि तीस देऊन १०० असे वर मोजत जातो. परत दिलेले ३७ रुपये त्याला वेगळे काढावे लागत नाहीत. बेरजेच्या आधारे वजाबाकी करण्याची ही रीत तोंडी हिशेबास उत्कृष्ट आहे. तिच्यासाठी २, ५, २०, ५० रुपयांची चलने आवश्यक असतात. म्हणून ती दुसऱ्या टप्प्यावर, स्थानिक किंमत दृढ झाल्यानंतर, शिकवितात.

दशांश अपूर्णांक : रुपये व पैसे यांच्या आधारे दशांशचिन्हाची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. त्यातील धोके ध्यानात ठेवणे आवश्यक असते. पाच रुपये पाच पैसे ही रक्कम ५·०५ अशी लिहावयाची असता मूल ५·५ असे लिहिते. कारण त्याच्या दृष्टीने चिन्हाच्या दोन बाजूंस दोन स्वतंत्र पूर्णांक असतात. त्याच समजुतीने ०·२५ ही संख्या ०·४ पेक्षा मोठी मानली जाते. शिवाय पैशांत दोनच दशांशस्थळे असल्यामुळे तिसऱ्या स्थळाचा अर्थ लावता येत नाही. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिलेली नाहीत. त्यामुळे पैशाचा प्रत्यक्ष अनुभव नसलेल्या पिढीस मीटर व सेंटिमीटर यांची पट्टी दशांशांसाठी अधिक जवळची ठरते.

संशोधन : बाजारातील हिशेब व शाळेतील गणित यांतील दरी हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. ब्राझीलमधील रेसीफे शहरात टी. एन. कॅराहर, डी. डब्ल्यू. कॅराहर व ए. डी. श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षे वयाच्या पाच मुलांचा अभ्यास करून तो १९८५ साली प्रसिद्ध केला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८·२ टक्के त्यांनी बरोबर सोडविले. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिल्यावर हे प्रमाण ७३·७ टक्के आणि नुसत्या लेखी आकड्यांच्या रूपात दिल्यावर ३६·८ टक्के झाले. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाने ३५ च्या दराने चार नारळांची किंमत तिघांचे १०५ व आणखी एकाचे ३५ अशी जोडून १४० अचूक सांगितली. कागदावर ३५ गुणिले ४ करताना मात्र त्याने हातचे २ आधी ३ मध्ये मिळविले, त्या पाचास चाराने गुणले व उत्तर २०० काढले.

ही चूक खेळातील पैशांवर तपासण्यासारखी आहे. ३५ रुपये चार वेळा मांडल्यास दहाच्या १२ नोटा व २० नाणी होतात. नाण्यांच्या दोन नव्या नोटा येतात त्या नोटांचा गुणाकार होऊन गेल्यानंतरच. त्यांना पुन्हा चाराने गुणण्याचा प्रसंग उद्‌भवत नाही. एकूण १४ नोटा, म्हणजे १४० रुपये होतात. मुलास हिशेब येत होता. हातच्याचा अर्थ माहीत नव्हता. त्याच्याजवळील ज्ञान व कागदावरील खूण यांना जोडणारा दुवा कोणीही पुरविलेला नव्हता.

भारतातही हेच आढळून आले आहे. दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीचे व्यवहार अचूक करणारी ही मुले शालेय स्वरूपातील तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे सोडवू शकली नाहीत. उलट, जवळच्या शाळांतील विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना शालेय उदाहरणे अधिक चांगली जमली, परंतु बाजारातील हिशेब जमले नाहीत. दोन्हीकडचे ज्ञान आपोआप पलीकडे जात नाही, असा याचा अर्थ होतो.

केवळ हुबेहूब पैसे हाती देऊनही हे साधत नाही. निकोल मॅकनील व सहकारी यांनी अमेरिकेत केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नोटा-नाणी दिलेल्या मुलांच्या उत्तरांत एकंदर चुका अधिक आढळल्या. मात्र त्यांच्या चुकांत संकल्पनेच्या चुकांचे प्रमाण कमी होते. चित्रे, रंग व तपशील यांनी लक्ष विचलित होते, पण परिचित प्रसंगामुळे उदाहरणाचा अर्थ समजतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यावरून स्थानिक किंमत शिकविताना साधे, केवळ अंक छापलेले कागद आणि चलनाची ओळख करून देताना खऱ्यासारख्या प्रतिकृती, असा भेद करणे इष्ट ठरते.

साधननिर्मिती व वापर : जुन्या पुठ्ठ्याचे गोल व चौकोनी तुकडे कापून त्यांवर किंमत लिहिली, की साधन तयार होते, चिंचोके किंवा सागरगोटे हेही एककाच्या जागी चालतात. बाजारात मिळणाऱ्या खेळातील नोटांवर ‘मनोरंजन बँक’ किंवा तत्सम मजकूर छापलेला असतो. चलनी नोटेशी फसवणूक होण्याइतके साम्य असलेला कागद तयार करणे वा वापरणे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १८२ नुसार दंडनीय आहे. म्हणून प्रतिकृती आकाराने वेगळ्या व एकाच बाजूस छापलेल्या असाव्यात. खऱ्या नोटेच्या मागील बाजूस मराठी व कोकणीसह पंधरा भाषांत छापलेली अक्षरी किंमत मुलांकडून वाचून घेणे हा स्वतंत्र व उपयुक्त पाठ होतो.

महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शाळांतून बाल आनंद मेळावा किंवा बालबाजार भरविला जातो व त्यात मुले भाजी व खाद्यपदार्थ खऱ्या पैशांनी विकतात. त्याची पूर्वतयारी म्हणून वर्गात खेळातील पैशांचे दुकान मांडले व मेळाव्यानंतर प्रत्येक विक्रीचा हिशेब रकान्यांत लिहून घेतला, तर बाजार व वही यांतील दुवा साधला जातो. हिशेब न लिहिता संपलेला मेळावा करमणुकीपुरता राहतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे दुकानात भ्रमणध्वनीवरून नेमकी रक्कम देण्याचा प्रघात वाढला असून मुलांच्या दृष्टीस मोड करण्याची क्रिया पूर्वीपेक्षा कमी पडते. घरी व बाजारात अनायासे मिळणारा हा अनुभव शाळेने जाणीवपूर्वक देण्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

मर्यादा : ऋण संख्या, मोठ्या संख्यांचे गुणाकार, अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार इ. विषयांत या साधनाचा उपयोग अल्प आहे. घरी पैशांची चणचण असलेल्या मुलास दुकानाच्या खेळात संकोच वाटू शकतो. म्हणून गल्ला, ग्राहक व दुकानदार या भूमिका पाळीपाळीने द्याव्यात आणि सर्वांना सारखीच रक्कम द्यावी. साधनाचा वापर कोठे थांबवावयाचा, हेही महत्त्वाचे आहे. प्रत्येक देवघेवीबरोबर तिची लेखी मांडणी करून घ्यावी. नंतर पैसे झाकून केवळ लेखी उदाहरण द्यावे आणि अडल्यासच ते उघडावे. हातचा कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर मूल पैसे न पाहता स्वतःच्या शब्दांत देऊ लागले, म्हणजे या साधनाचे कार्य पूर्ण झाले असे समजतात.